आभारांची बरणी

२ जून, रविवार

आले एकदाचे! दीड महिना एका संस्थेतर्फे परदेशात गरिबांची सेवा करून तिघं आले. चिरंजीव रापलेत, सूनबाई वाळल्यात. आणि नात, माझी नऊ वर्षांची भिंगरी, दारातच गळ्यात पडली. "आजी, तिथे मी शाळेची भिंत रंगवली!"

"वा! आणि आपली भिंत रंगवलीस तेव्हा आईने कान पिळला होता."

सूनबाईंना हसू आलं नाही.

जेवताना सगळं तिकडचंच. तिथली मुलं किती थोडक्यात खूश! आपण किती नशीबवान! मी वाढत होते. दीड महिना घर, कुंड्या, तुंबलेली मोरी, सगळं एकटीने केलं. कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. म्हटलं बघू, कधी विचारतात.

४ जून, मंगळवार

नाही विचारलं.

७ जून, शुक्रवार

नवीन खूळ! टेबलावर काचेची बरणी. माझी साखरेची, रिकामी करून घेतली. रोज प्रत्येकाने एक चिठ्ठी टाकायची. नमुना ठरलेला – माझ्याकडे अमुक आहे, तिथल्या लोकांकडे नाही. रविवारी जेवणानंतर सगळ्या मोठ्याने वाचायच्या. मुलीत कृतज्ञता रुजली पाहिजे म्हणे. मी चौथीपर्यंत शिकले, गावच्या शाळेत, तिथल्या मास्तरांनी हा शब्द शिकवला नव्हता. म्हणायला गेले की जिभेला गाठ पडते.

"आई, तुम्हीही टाका ना."

"काय लिहू? माझ्याकडे दुखरे गुडघे आहेत. ते तर त्यांच्याकडेही असतील!"

चिरंजीव हसले. बायकोने बघितलं, थांबले.

९ जून, रविवार

पहिलं वाचन. नळाचं पाणी. गादी. बूट. चिरंजीवांचा आरोग्य विमा! मग भिंगरीची – माझ्याकडे आजी आहे.

सूनबाईंनी ती बाजूला ठेवली. प्रेमाने हं, रागावून नाही. "अगं पण आज्या तिथल्या मुलांनाही होत्याच की. हे नाही बसत. दुसरं लिही."

पोरीने खोडलं आणि सायकल लिहिलं.

म्हणजे मी नियमात बसत नाही. बरं झालं, कळलं.

१२ जून, बुधवार

मी भिंगरीची वेणी घालणं बंद. तिथल्या सहा वर्षांच्या मुली आपापली वेणी घालतात. आज भिंगरी डोक्यावर घरटं घेऊन शाळेत गेली. डबाही तिचा तिनेच भरला. अर्धा फरशीवर.

"आई, आता तुम्हाला आराम."

आराम! घरातल्या घरात रजेवर पाठवायचं, त्याला आराम म्हणतात होय?

१९ जून, बुधवार

त्यांच्या संस्थेचा कंटेनर तिकडे निघालाय. घरटी एक मोठी वस्तू द्यायची.

"आई, तुझी शिलाई मशीन तशी पडूनच असते ना?"

पडून! परवाच त्याची उसवलेली पँट शिवली मी!

"तुझी गाडीही रात्रभर पडूनच असते की."

"आई, थट्टा नको. तिथे बायका आहेत, नवरा नाही, पदरात पोरं. एक मशीन मिळाली तर उभ्या राहतील."

नवरा नाही. पदरात पोर. मशीन. बाळा, हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत नाही का रे तुला?

नाही वाटलं. हे गेले तेव्हा तो चार वर्षांचा. शाळांचे गणवेश शिवायचे मी. तो खाली चिंध्यांत बसायचा. मशीनचा पट्टा फिरायला लागला की त्या आवाजाने झोपायचा. पुढे त्याची पुस्तकं, कॉलेज, कोट – सगळं त्या सुईखालून निघालं.

आणि विचारलं कुठे, तर भिंगरीसमोर. "आजी देईल हं. आजी मोठ्या मनाची आहे." पोर टक लावून बघत होती. नाही म्हणायची सोय ठेवली नाही.

"ने," म्हटलं.

२१ जून, शुक्रवार

उद्या न्यायला येणार. दुपारी घरात कोणी नव्हतं. मशीन पुसली, तेल दिलं. मग खालची पट्टी सरकवली आणि डबी काढून घेतली. खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते ती, अंगठ्याच्या पेराएवढी. ती नसली की सुई नुसती वर-खाली नाचते, टाका पडत नाही. आणि इतक्या जुन्या मशीनची डबी आता कुठल्या दुकानात मिळत नाही.

ज्या मशीनवर वाढला, ती चिरंजीवांनी कधी डोळे उघडून बघितली आहे का, तेवढं बघायचंय. लक्षात आलं तर परत लावीन. देवाशपथ लावीन.

२२ जून, शनिवार

नाही आलं.

मशीनवर हात ठेवून त्याने फोटो काढून घेतला. माझाही काढला. "आई, हस ना!" हसले. डबी मुठीत होती. टोचत होती.

३० जून, रविवार

भिंगरीची चिठ्ठी – माझ्याकडे सायकल आहे. आजीकडे मशीन नाही.

मग सूनबाई म्हणाल्या, "राणी, चिठ्ठी तिथल्या लोकांसाठी लिहायची. घरातल्यांसाठी नाही."

चिरंजीव पाणी घ्यायला उठले. त्यांचा पेला भरलेलाच होता.

१३ जुलै, शनिवार

चिरंजीवांचं ऑफिसात भाषण. विषय – परदेशातल्या सेवेने मी बाप म्हणून कसा बदललो. मला पहिल्या रांगेत बसवलं, फुलदाणीसारखं. म्हणाला, "द्यायला मी आईकडून शिकलो. माझ्या आईला शिवणाचा छंद. पण तिने आपली लाडकी मशीन हसत हसत दिली!"

टाळ्या.

छंद! पाठीचा काटा ढिला झाला, डोळ्यांना चष्मा लागला, सुई दोनदा बोटातून आरपार गेली. छंदच तो! शेजारची बाई म्हणाली, "भाग्यवान आहात." मी म्हटलं, "हो ना, बोटात सुई घुसवून घ्यायची मला मोठी हौस."

डबी माझ्याकडे आहे याचा आज फार आनंद झाला. खोटं का लिहू.

१८ सप्टेंबर, बुधवार

तिकडून फोटो आला. "बघा आई, किती खूश आहे ती!"

माझ्या मशीनवर एक बाई. तिशीची असेल. दोन पोरं, धाकटं खाली चिंध्यांत बसलेलं. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला, भिंगरीने शिकवलंय तसा. सुईत दोरा आहे. सुईखाली कापड आहे. मागे कापून ठेवलेल्या गणवेशांची चळत, माझ्या छातीएवढी. शिवलेला एकही नाही.

हसतेय खरी. पण ते हसू मला ओळखू येतं. गणवेश न्यायला माणूस दारात उभा राहिला आणि काम झालेलं नसलं, की मी तशीच हसायचे. मशीन नेली त्या दिवशीही तशीच हसले.

खोड मोडायला गेले पोराची. मोडलं कोणाचं बघा!

२२ सप्टेंबर, रविवार

सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती मशीनवाली काय म्हणतेय?"

सूनबाई म्हणाल्या, "संस्थेचं पत्र आलंय. तिला काही जमत नाही म्हणे, महिना झाला तरी एक कपडा नाही. शिकलेली नाही ना, आई. म्हणजे शिवता येतं असं सांगितलं होतं तिने... खोटं बोलली बहुतेक. आठ-दहा दिवस बघतील, मग दुसऱ्या बाईला देतील."

चिरंजीव म्हणाले, "अशा लोकांना कशाची किंमत नसते."

ती दहा वेळा सांगत असेल, मशीनमध्येच काहीतरी नाही. कोण ऐकतंय तिचं!

२५ सप्टेंबर, बुधवार

भिंगरी म्हणाली, "आजी, तू हल्ली कोणालाच चिडवत नाहीस. बरं नाही का तुला?"

मोठ्या मनाची आजी! पोर अजून तसंच समजते.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

गुपचूप पाठवावी म्हटलं. पण पत्ता संस्थेकडे, संस्था सूनबाईंकडे. माझ्या हातून कोणाला न कळता जाईल अशी वाटच नाही. आणि नुसती पोचून भागणार नाही. ती खोटं बोलली नव्हती, हे कोणीतरी सांगायला हवं.

भिंगरीसमोर सांगावं लागेल.

२९ सप्टेंबर, रविवार

आज बरणीत पहिल्यांदा माझी चिठ्ठी. नमुना पाळून लिहिली – माझ्याकडे डबी आहे, तिच्याकडे नाही.

डबी चिठ्ठीतच गुंडाळली. काचेवर खणकन वाजली. भिंगरीने मान वर केली. "आजी, काय टाकलंस गं?"

जेवण झालं की वाचतील.