ढेकणांच्या बाटलीतलं डोळ्यांचं पाणी

प्रिय ताई,

इथूनच वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो तर उठवायला माणसं बोलवावी लागतात, म्हणून पत्रातून उरकतो.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? ते जिना चढत असतील तर त्यांना थांबव आणि चढत नसतील तर चढायला लाव. डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते मी विसरलो. आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्याकडे निवांत बोलणं झालंच नाही. विमानतळावरून थेट नाट्यगृहात, नाटक संपल्यावर जेवण आणि सकाळी परत. शिवाय जे सांगायचं आहे ते हिच्या कौतुकाचं आहे, आणि हिचं कौतुक हिच्यासमोर केलं की "आता काय हवंय?" असं विचारते. म्हणून हे पत्र.

माझा नंबर तुला ठाऊक आहे. चष्म्यातून समोरचा माणूस दिसतो, पण बोटाएवढा. तुझ्या भाचीचं हे पहिलं मोठं काम, आणि तेही मुक्या बाईचं. अख्ख्या नाटकात एक शब्द नाही, जे काय ते चेहऱ्यावर. (जी पोरगी घरात जेवतानासुद्धा गप्प बसली नाही तिला हे काम देणाऱ्या दिग्दर्शकाचे पायच धरायला हवेत.) म्हणजे नुसतं ऐकून भागणार नव्हतं. तिचा चेहरा नीट दिसावा एवढ्याचसाठी मी या वयात कॉन्टॅक्ट लेन्स घालायला शिकलो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, विमानातल्या कोरड्या हवेत लेन्स नकोत, उतरल्यावर सोल्युशनने धुऊन घाला. आता सोल्युशनची बाटली ही थोरली, आणि विमानात जवळ बाळगायची परवानगी एवढ्याशा बाटलीची. मोठ्या बॅगेत टाकू म्हटलं, तर ही म्हणाली, "आणि बॅग हरवली तर नाटक काय वासावर बघणार?"

आपल्या घरचा प्रघात तुला मी काय सांगायचा, तो आईपासूनच चालत आलाय. कुठलीही वस्तू तिच्या मूळ डब्यात राहता कामा नये. हिने तर त्याचं शास्त्रच केलंय. आमच्याकडे 'साखर' लिहिलेल्या डब्यात कपड्यांची पावडर असते, बामच्या बाटलीत शर्टाची बटणं, आणि बटणांच्या डबीत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. आजवर कधी घोटाळा झाला नाही, कारण लेबल वाचायची आमच्यात कोणाला सवयच नाही. तर हिने घरातली एक छोटी, घट्ट झाकणाची बाटली शोधली, चांगली उकळून घेतली आणि तीत सोल्युशन ओतलं. (हे डॉक्टरीणबाईंच्या कानावर घालू नकोस.)

विमानतळावर बूट, पट्टा, घड्याळ सगळं ट्रेमध्ये घालून मी पँट धरून उभा. तिथल्या तपासनीसबाईंनी बाटली उचलून विचारलं, हे काय? मी म्हणालो, डोळ्यात घालायचं. त्यांनी बाटली फिरवली. मागच्या बाजूला हिच्याच ठसठशीत अक्षरात 'ढेकणांचं औषध' आणि त्याखाली, घरच्यांच्या काळजीपोटी, 'हात लावू नये'. माझ्यामागचा गृहस्थ ट्रे सोडून चांगलाच लांब सरकला. मी खुलासा करायला लागलो. प्रामाणिकपणे साखरेच्या डब्यापासून सुरुवात केली, तशी बाईंनी त्यांच्या साहेबांनाच बोलावून घेतलं. साहेबांनी बाजूच्या पिंपाकडे बोट दाखवलं. त्यात लोकांची अत्तरं आणि शाम्पू जमा झाले होते. पोरीचा चेहरा त्या पिंपात चाललेला मला स्वच्छ दिसला, चष्म्यातूनसुद्धा.

तेवढ्यात पलीकडून ही अनवाणीच आली. वाद नाही, आवाज नाही. साहेबांच्या हातातून बाटली घेतली, मान मागे टाकली आणि स्वतःच्या डोळ्यात थेंब सोडले. पापणीसुद्धा हलली नाही. मग म्हणाली, "बघा, डोळा जागेवर आहे का?" साहेब वाकून बघतायत, बाई वाकून बघतायत, रांगेतले लोक टाचा उंच करून बघतायत. बाईंनी विचारलं, "काकू, त्रास होत नाही ना?" तर म्हणे, "त्रास आहे, पण तो यांचा." बाई हसल्या. त्यांनी बाटलीला कसलीशी पट्टी पुसून यंत्रात घातली आणि बाटली आम्हाला परत मिळाली.

खरी गंमत पुढेच आहे. विमानात पट्टा बांधता बांधता ही सहज म्हणाली, तशा दोन बाटल्या होत्या घरात, अगदी सारख्या, आणि बरोबर नेमकी कुठली घेतली ते तिथे काही आठवेना. मी ओरडलोच, मग डोळ्यात घातलंस कशाला? तर म्हणाली, "तुमच्या डोळ्यात जाणारच होतं ना? आधी माझ्यात गेलेलं बरं." एवढं बोलून झोपली. मी उतरेपर्यंत तिच्या त्या डोळ्यावर नजर ठेवून बसलो, मिटलेला होता तरी. ताई, स्पष्टच लिहितो, मला हिचा फार अभिमान वाटला. थोडी भीतीही वाटली.

नाटकाबद्दल काय लिहू? तू शेजारीच होतीस. माझ्याकडे शब्द नाहीत.

तुझाच,
धाकटा

ता. क. उत्तर माझ्या बाइंडिंगच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पत्र आधी ही फोडते.

ता. क. शब्द नाहीत हे अगदी खरं आहे. पोरगी दिव्यात येऊन उभी राहिली, तिचा चेहरा मला लख्ख दिसला आणि माझ्या डोळ्यांना जी धार लागली ती थांबेना. उजवी लेन्स गालावरून वाहून गेली, डावी पापणीमागे कुठेतरी जाऊन बसली. चष्मा हिच्या पर्समध्ये, आणि मागितला असता तर कारण सांगावं लागलं असतं. पुढचं सगळं नाटक मी धुक्यात काढलं. तू टाळ्या वाजवल्यास की मी वाजवत होतो. हिने माझ्यासाठी काय डोळ्यात घालून घेतलं ते वर लिहिलंच आहे, आता हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? त्यात काल पोरीचा फोन आला, "बाबा, शेवटी मी जे केलं ते कसं वाटलं?" मी म्हणालो, अगं, तेच तर सगळ्यात भारी. तर शेवटी तिने काय केलं तेवढं कळव. कागद पुरला नाही तर गोष्ट गाळ, पण चेहरा कसा दिसत होता ते सगळं लिही.