गच्चीवरचं लुक्का

खिदिरपूर, कोलकाता
२१ जून २०२६

चि. नूपुरला अनेक आशीर्वाद.

तू इटलीला, लुक्काला निघालीस त्या सकाळी बाबा म्हणाले होते, "भिंतीतलं गाव ते. तिथं गेलेलं माणूस आपलं राहत नाही." तू चपला घालत होतीस. ऐकूनही वर बघितलं नाहीस. त्याला अकरा वर्षं झाली, आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत.

आम्ही बरे आहोत. प्रकाशच्या बँकेत पुन्हा बदल्यांची चर्चा आहे. आंबे यंदा आंबट निघाले.

लुक्काहून आलेलं तुझं पोस्टकार्ड बाबांनी जपून ठेवलं होतं. रुंद तट, त्यावर झाडांची रांग, मधून सायकली. विस्मरण सुरू झाल्यावर त्यांनी ते बाहेर काढलं आणि आपल्या गच्चीचा तट करून टाकला. रोज पाच वाजता फेऱ्या. चार कोपरे म्हणजे चार बुरूज. तिथं थांबायचं, वाकून खाली बघायचं. "एवढं बांधलं, आणि शत्रू आलाच नाही," असं कठड्यावरून हात फिरवत म्हणायचे. मला ते 'सिस्टर' म्हणायचे, हॉस्पिटलात म्हणतात तसं.

मार्चमध्ये एकदा फेऱ्या संपवून खाली आले आणि म्हणाले, "नूपुर आज काठी घेऊन चालत होती. डावा पाय टेकत नाही." मी हसण्यावारी नेलं. मेमध्ये तुझा प्लास्टर काढल्याचा फोटो आला. डावाच पाय.

बाबा गेल्याचं कळवलं तेव्हा तू एकच विचारलंस, माझी आठवण काढली का. मी 'नाही' लिहिलं.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. जावई म्हणून प्रकाशने सगळं कबूल करून पाहिलं. वर्षश्राद्ध करू, नूपुरला बोलावू. कावळा पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. हावड्याहून आलेले गुरुजी शेवटी दर्भाचा कावळा वळायला लागले. तेव्हा मी पुटपुटले, "बाबा, मी फोन लावलाच नव्हता." तो लगेच उतरला.

शेवटचे तीन दिवस ते 'नूपुरला फोन लाव' म्हणत होते. मी नंबर न लावताच फोन कानाला धरायचे आणि सांगायचे, उचलत नाही. ते म्हणायचे, "रागावलीय." दोन वर्षं मी त्यांचं अंग पुसलं, नूपुर, आणि त्यांच्या तोंडी माझं नाव एकदाही आलं नाही. कारण एवढंच. याहून बरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

कावळा शिवला, आता सुटले, असं वाटलं होतं. पण पाच वाजले की गच्चीवर चपला घासत जातात. कोपऱ्यात थांबतात. प्रकाश म्हणतो, टाकीचा आवाज. पण वाळत घातलेले कपडे हल्ली तो चारच्या आत काढून आणतो. काल मी वर गेले. आवाज माझ्यापर्यंत आला, थबकला, आणि मला वळसा घालून पुढे गेला.

पत्र पोचायला तीन आठवडे लागतील म्हणे. १९ जुलैला रविवार आहे. पाच वाजता, तुझ्याकडे दुपारचा दीड असेल, मी तुझा नंबर लावून फोन कठड्यावर ठेवीन आणि दार ओढून खाली येईन. काही ऐकणार नाही. माझ्याशी बोलू नकोस, त्यांच्याशी बोल. तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही म्हटलं असतं. तरी उचल.

ताई म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.

मानसी