माझ्यामागे ताई

२ एप्रिल, बुधवार

उठले एकदाची! भल्या पहाटे! हे अंथरुणातूनच म्हणाले, "सूर्य आज पश्चिमेला उगवतोय का, तेवढं बघून ये." जळ्ळं मेलं कौतुक!

मैदानाच्या फाटकाशी दहा-बारा माणसं जमली होती. पुढारी म्हणजे शाळेतले खेळाचे निवृत्त मास्तर. जन्मभर शिट्टी फुंकून पोरांना पळवलं, आता मोठ्यांना हळू चालायला शिकवतात. सगळे त्यांना शिट्टीसर म्हणतात — तोंडावरसुद्धा. एकामागे एक चालायचं. बोलायचं नाही, कोणाला मागे टाकायचं नाही, फोन घरी. नुसतं चालण्याकडे लक्ष. शेवटी बाकांवर बसून प्रत्येकानं वाटेत पाहिलेली एक गोष्ट सांगायची. आजचीच. आणि दुसऱ्यांनी त्यावर चकार शब्द काढायचा नाही.

मी म्हटलं, "कोपऱ्यावरचा गळका नळ." सगळे हसले. हसण्यासारखं काय त्यात? रोपवाटिकेत मी दिवसभर पाणी पुरवून पुरवून वापरते, आणि इथे धो धो चाललंय!

५ एप्रिल, शनिवार

ऊन वाईट आहे यंदा. हिरव्या जाळीखालची रोपंसुद्धा दुपारी माना टाकतात. मालकीणबाई येऊन विचारतात, "ही का सुकली?" बाई, मला काय विचारता, वर बघा!

पण सकाळी चालून आलं की दिवस बरा जातो, हे कबूल करायला हवं. आधी टाच टेकते, मग चवडा, मग बोटं. पन्नाशी उलटली, पाय रोज वापरले, पण ओळख आत्ता होतेय. आणि आपल्या पुढे-मागे दहा जणांची पावलं. कोणी काही मागत नाही, विचारत नाही. मला इतकं शांत कधी वाटलं होतं? आठवत नाही.

९ एप्रिल, बुधवार

ताई आली.

फाटकाशी उभी होती. तीच निळी पिशवी, तोच ताठा. शिट्टीसरांनी ओळख करून दिली — "ह्या आजपासून आपल्यात." मी मान हलवली. तिनं हलवली. लोकांना वाटलं, किती शिस्तीच्या बायका!

माझ्या बरोब्बर मागे येऊन उभी राहिली. मागे सहा जणांची जागा होती, पण नाही! पूर्ण वाट पाठीला तिची नजर. आज टाच काय नि चवडा काय, काही कळलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार

ह्यांना विचारलं, "तुम्हीच सांगितलंत ना तिला, मी जाते म्हणून?"

"मी? मी बापडा काय सांगणार कोणाला!"

म्हणजे सांगितलं. बाजारात भेटली होती म्हणे. तिनंच विचारलं म्हणे, ठकू सकाळी कुठे सापडेल? ठकू! अजून ठकूच म्हणते मला. आई गेल्यापासून आमच्यात एक शब्द नाही, आणि चालली मोठी ठकू शोधायला.

१३ एप्रिल, रविवार

लिहूनच टाकते. पोटात ठेवून तरी काय झालं इतकी वर्षं?

आई ताईकडे असायची. मी ऑपरेशन होऊन दवाखान्यात. ताई रोज यायची, डबा आणायची, मी विचारायचे आई कशी आहे. "बरी आहे." रोज — "बरी आहे." घरी आल्यावर शेजारीण भेटायला आली आणि रडायलाच लागली, "आई गेल्या हो तुमच्या." आठवडा होऊन गेला होता. सगळं उरकलं होतं.

ताई म्हणाली, "तुझे टाके ओले होते. सांगून काय केलं असतंस?"

काय केलं असतं! रडले असते! माझी आई होती ती, मला रडायचा हक्क नव्हता? त्या दिवशी तोंड फिरवलं ते फिरवलंच. हे म्हणतात, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा. नाही जात. काय करू?

१७ एप्रिल, गुरुवार

रोज येते. रोज माझ्याच मागे.

गंमत बघा — आमचा अबोला इथे कोणाला कळतच नाही. इथे कोणीच बोलत नाही! आम्ही दोघी सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. शिट्टीसर म्हणाले, "मौन शिकावं तर ह्या दोघींकडून." मला हसू आवरेना. वळून पाहिलं तर ताईही ओठ दाबून उभी. लगेच मान फिरवली मी.

२४ एप्रिल, गुरुवार

बाकावर बसल्यावर तिचं ऐकावंच लागतं. "आज दूधवाल्याची सायकल पाहिली." "आज एक काळी मांजर पाहिली." वाण्याला सामान सांगावं तसं. लहानपणापासून तशीच. आमच्यातले औषधांचे दुकानदार मात्र रोज त्याच एका कुत्र्याबद्दल सांगतात आणि रोज गहिवरतात.

तिच्या आवाजाची सवय होतेय परत. हे बरं नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

पोस्टामागचं जांभळ्या फुलांचं झाड पाडलं! रस्ता रुंद करायचाय. काल संध्याकाळी गाडीत फांद्या भरत होते. आज तिथे नुसता बुंधा. चालताना सगळ्यांची पावलं तिथे अडखळली. रोप लावून एवढं झाड व्हायला काय लागतं ते मला विचारा.

बाकावर ताईची पाळी आली. म्हणाली, "पोस्टामागचं जांभळं झाड. काय फुललंय आज!"

मग औषधवाल्यांनी रुमाल काढला. शिट्टीसरांनी स्वतःचाच नियम मोडला — "वा! जे गेलं तेही पाहणं, ह्याला म्हणतात बघणं!" टाळ्या वाजायच्या तेवढ्या राहिल्या. ताई गोंधळून एकेकाकडे बघत होती. मग हळूच हसली.

सगळे भारावून घरी गेले. मी नाही. ताई आयुष्यात कधी असलं बोललेली नाही. न पाहिलेलं सांगणाऱ्यातली नाही ती. झाड आहे म्हणाली, म्हणजे तिच्या लेखी ते आहे. आज तिला बुंधा दिसलाच नाही; आठवणीतलं झाडच सांगितलं तिनं.

३० एप्रिल, बुधवार

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मग विचार की सरळ." सरळ म्हणे! इतक्या वर्षांनी पहिला शब्द काय काढू — काय गं, दिसत नाही का तुला? ह्यांना सगळं सोपं वाटतं.

२ मे, शुक्रवार

आज बाकावर मुद्दाम तिच्या शेजारी बसले. पाण्याची बाटली तिच्या कानशिलाशेजारी धरली. हाताच्या अंतरावर. हलवलीसुद्धा.

ती समोर बघत होती. बाटली दिसली नाही तिला.

घरी येऊन भांडी घासायला घेतली आणि रडू फुटलं. राग राग आला. कोणाचा ते कळेना. एवढं झालं आणि ही बया तोंडात मूग गिळून बसलीये! ह्याही वेळी सांगायचं नाहीच? आणि रोज माझ्या मागे का उभी राहते, तेही आत्ता डोक्यात शिरलं. समोरचं तेवढं दिसत असणार. माझी पाठ धरून चालते ती. मी समजत होते, पाठीवर नजर रोखून हिणवतेय मला.

३ मे, शनिवार

आज मी भडक पिवळी ओढणी घेतली. हे म्हणाले, "लग्नाला निघालीस का?"

७ मे, बुधवार

नवीन चालणं शिकले. खड्डा आला की त्याच्या अलीकडे पाय जरा आपटायचा. रस्त्याची कड आली की दोन पावलं आधीच हळू व्हायचं. डावीकडे मोटार उभी असली की मीच उजवीकडून, लांबून जायचं. ती बरोब्बर तशीच येते मागून. मी आपटला की तीही आपटते! कळतंय तिला. मला कळतंय हे तिला कळतंय. तरी दोघी गप्प.

खरं सांगायचं, तर आजच्यासारखं चालणं कधी झालं नाही. माझं लक्ष ना टाचेत होतं ना चवड्यात. सगळं तिच्या पावलांत. लहानपणी शाळेच्या वाटेवर ती पुढे असायची. चिखल आला की मागे हात करायची, न बघता. मी धरायचे.

१५ मे, गुरुवार

रोपवाटिकेत वाफ्यातली अर्धी रोपं गेली. मालकीणबाईंनी आज स्वतः झारी घेतली हातात.

ताई आली नाही आज. पाठ मोकळी मोकळी वाटली. चालण्यात जीव नव्हता.

१६ मे, शुक्रवार

आली! गुडघ्याला पट्टी. घरातच पडली असणार. विचारलं नाही मी. का नाही विचारलं? कसला हा ताठा, आणि कोणाशी?

२० मे, मंगळवार

रस्ता खणलाय. म्हणून शिट्टीसरांनी आज कालव्याच्या बाजूनं नेलं. नवी वाट. मलाच माहीत नव्हती. मैदानाच्या मागे भिंत संपते आणि एकदम खाली पायऱ्या — कठडा नाही, बाजूला पाणी. मी पाय आपटला. थांबले. ती थांबली नाही, माझ्या बाजूनं पुढे निघाली, थेट कडेकडे —

"ताई, पायरी!"

ओरडलेच मी. कालव्यावरचे पक्षी उडाले. रांग थांबली. शिट्टीसर वळून बघायला लागले.

ताई जागच्या जागी. पाय अधांतरी. मग अगदी साध्या आवाजात, जसं काही कालच बोलणं झालं होतं —

"किती?"

"तीन."

तिनं हात बाजूला केला, न बघता. मी धरला. तीन पायऱ्या उतरलो. शिट्टीसरांनी रांग पुढे न्यायला जरा जास्तच वेळ लावला.

बाकावर आम्हा दोघींची पाळी आली तेव्हा आम्ही दोघींनीही पुढच्याला खूण केली.

त्याच दिवशी, दुपारी

घरी घेऊन आले तिला. ह्यांनी दार उघडलं, आम्हाला दोघींना पाहिलं आणि म्हणाले, "मी जरा दाढी करून येतो." सकाळीच केली होती!

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं जात राहतं, समोरचं शाबूत म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं राखायचं. ताईनं हे सगळं एका दमात सांगितलं — वाण्याला सांगावं तसं.

"आणि मला कधी सांगणार होतीस?" मी म्हटलं. पुन्हा चढला होता आवाज.

"रोज येत होते की. रोज ठरवायचे, आज सांगायचं. तुझी पाठ दिसली की धीर जायचा." मग म्हणाली, "आईचं मी सांगायला हवं होतं, ठकू. टाके ओले असताना तुला सोसेल की नाही, ते मी कोण ठरवणार?"

रडलो. आईसाठी दोघी मिळून रडायचं राहिलं होतं, ते आज झालं.

उठताना म्हणाली, "शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. येशील?"

येणार नाही तर काय! मालकीणबाईंकडे रजा मागते. आता दर वेळी मीच सोबत जाणार. थेंब घालायलाही मीच जाईन संध्याकाळी. ताईच्या घरात उंबरे फार आहेत, त्यांच्यावर पांढरा रंग मारून घ्यायचा. बिचारी इतके दिवस एकटी चाचपडत होती.

२३ मे, शुक्रवार

दवाखान्यात गर्दी. ताईचा हात धरून बसले होते. नर्सबाईंनी दारातून नाव पुकारलं. माझं.

माझं, पूर्ण! मी म्हटलं, "चूक झालीये, पेशंट ह्या आहेत." ताई म्हणाली, "जा आत." डॉक्टर म्हणाले, हा आजार रक्तात असतो. बहिणीला म्हणे उन्हाळा लागतानाच सांगितलं होतं — धाकटीला लवकर घेऊन या, काहीही करून आणा.

हनुवटी टेकवून एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात बघायला सांगितलं. प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. आधी उजवा, तो छान. मग डावा. थोडे दिसले, मग ठिपके यायचेच थांबले. मी आपली बटणावर बोट ठेवून वाट बघत राहिले. शेवटी विचारलं, "बंद पडलं का हो तुमचं यंत्र?"

चालूच होतं. ठिपके येत होते म्हणे.