बाबा बँकेत गेलेत

१४ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. पत्राला एवढा उशीर झाला, त्याबद्दल आधी कान धरतो. फोनवर आपलं जे वाजलं, त्यानंतर तुला काय लिहावं हेच सुचत नव्हतं (ज्याचं पोट पुढाऱ्यांना वाक्यं पुरवण्यावर चालतं, त्यानं हे म्हणणं म्हणजे सुताराचीच खुर्ची मोडकी असण्यासारखं आहे). भावजींचा गुडघा कसा आहे? आईची तब्येत उत्तम. भूक चांगली, चालणं बरं, आठवण तेवढी नाही.

"आईसमोर तरी प्रचार थांबव रे," असं म्हणून तू फोन आपटलास. ते मला लागलं, आणि ते खरं आहे का, हे मी तेव्हापासून तपासतो आहे. बाबा गेल्याचं आपण आईला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तिला ते पहिल्यांदाच कळलं. तिसऱ्या वेळी ती कशी कोसळली ते तू पाहिलं नाहीस, तू परत गेली होतीस. तेव्हा मला माझ्याकडचं एकुलतं हत्यार आठवलं. निवडणुकीत आमचा पहिला नियम असतो : ओळ एक, तोंडं अनेक. उमेदवारापासून पत्रकं वाटणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तीच ओळ बोलायची, पदरचं काही घालायचं नाही. मी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून ओळ दिली : 'बाबा बँकेत गेलेत.'

पण आई कुठल्याही पत्रकारापेक्षा पक्की निघाली. तिनं लगेच पुरवणी प्रश्न टाकला, "जेवून गेले का?" तुझी भावजय म्हणाली, येऊन जेवणार आहेत. मावशी (आईला सांभाळायला येतात त्या) म्हणाल्या, जेवून गेलेत. आईनं सुनेवर विश्वास ठेवला. दोन ताटं झाकून ती दुपार टळेपर्यंत उपाशी बसली; ते आल्याशिवाय घास उतरायचा नाही म्हणे. मग मी दुसरी ओळ काढली, मग तिसरी. एक खोटं सांभाळायला किती माणसं लागतात, हे मला इतकी वर्षं या धंद्यात काढूनही ठाऊक नव्हतं. तिथे निदान मतदान झालं की सुटका असते.

त्यात साहेब भेटायला आले (साहेब म्हणजे ज्यांच्या तोंडी मी कित्येक निवडणुका वाक्यं घालत आलो ते). जिन्यातच मी त्यांच्याकडून ओळ घोकून घेतली. त्यांनी मान डोलावली, आत येऊन हात जोडले आणि सवयीनं सुरू झाले, "काकांच्या जाण्यानं समाजाची कधीही भरून..." माझे डोळे दिसले तशी गाडी वळवली, "...म्हणजे, बँकेत हल्ली फार गर्दी असते."

आई म्हणाली, "मग तुम्ही काय करताय त्याचं?"

साहेबांनी जातीनं लक्ष घालायचं आश्वासन दिलं. ते गेल्यावर आई मला म्हणते, "माणूस बरा आहे, पण याला कोणीतरी बोलायला शिकवा रे." मी पोट धरून हसलो. हसता हसता मनात आलं, हे बाबांना सांगायलाच हवं. मग हसणं थांबलं.

तू म्हणशील, खोटं ते खोटंच. मीही स्वतःला विचारतो : मी आईला दुःखापासून वाचवतो आहे, की तिचं रडणं रोज बघण्यापासून स्वतःला? आमच्याकडे अशा प्रश्नाला 'माहिती घेऊन सांगतो' म्हणतात. मी अजून माहितीच घेतो आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. : रविवारी आईनं फोनवर विचारलं तर 'बँकेत गेलेत, जेवून गेलेत' एवढंच म्हण. माझ्यासाठी.

आणखी एक : खरं तर पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा संध्याकाळी खालचं फाटक वाजलं आणि आतल्या खोलीतून मी ओरडलो, "आई, बाबा आले गं!" ती दाराकडे बघत बसली. मीही बसलो. आई निदान मधूनमधून शंका घेते, मी तेवढीही घेत नाही. या घरात 'बाबा गेले' असं कोणी म्हणत नाही, मीच मनाई केली आहे. त्यामुळे मी अजून रडलेलो नाही, ताई. पत्र मिळालं की मला फोन कर, मी गच्चीवर जाऊन घेईन. रागवायचं ते नंतर रागव, आधी तेवढं मला एकदा नीट सांग, की बाबा गेले.

उद्या : गच्चीच्या दाराला तेल घालणे (फार करकरतं, आईला ऐकू जातं).