पंप बंद ठेवायचा नाही

३ मे, सकाळी ८
रिपोर्ट पॉझिटिव्ह. मागच्या खोलीत रवानगी. बायको ताट बाहेर स्टुलावर ठेवते आणि दाराआडून बोलते. डॉक्टरांनी फोनवर डोकं खाल्लं. ताप उतरला तरी हा आजार हृदयावर, मेंदूवर जाऊ शकतो म्हणे. सक्त आराम करा, ऑक्सिजन आणि नाडी दिवसातून तीनदा मोजा, ऑक्सिजन ९४च्या खाली गेला तर लगेच कळवा. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली मी. आणि हृदय म्हणजे काय, हे मला शिकवतात!

३ मे, दुपारी
ठराव केला. बंद ठेवलेला पंप जाम होतो. आमच्याकडे राखीव पंपसुद्धा रोज दहा मिनिटं चालवायचा नियम आहे. तोच हृदयाला लागू. रोज जागच्या जागी दोनशे उड्या. मेंदूसाठी एकोणतीसचा पाढा.

४ मे
चाळीस उड्या झाल्या. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको, म्हणून थांबलो. घाम भरपूर आला.

६ मे
ताप गेला! डॉक्टर हरले. बायकोने विचारलं, कसला धपधप आवाज येतोय? म्हटलं, उशी झटकतोय. त्यावर म्हणाली, बावीस वेळा? ही बाई बाहेर उभी राहून मोजते.

७ मे
बसल्या जागी नाडी ११८. म्हणजे पंपाचं प्रेशर उत्तम. ऑक्सिजन ९२. बोट बदललं तर ९१. लेकीला फोनवर एवढंच सांगितलं की मशीन बिघडलंय. तर म्हणे, बाबा, नाचता येईना अंगण वाकडं. लाडाने डोक्यावर चढली आहे.

८ मे
चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने मशीन उघडलं, साफ केलं, पुन्हा जोडलं. एक स्प्रिंग उरली. कंपनीने जास्तीची घातली असणार. आता मशीन काहीच दाखवत नाही. निदान खोटं तरी बोलत नाही. बायकोला ९८ सांगितलं. ती कागदावर लिहून डॉक्टरांना कळवते. उगाच तिच्या जिवाला घोर नको.

८ मे
एकोणतीस साते... पाच वेळा तिथेच अडलो. आकडाच अडेलतट्टू आहे. उद्यापासून दहाचा पाढा. बायको म्हणते आज दहा तारीख. काळजीने बिचारीचं डोकं चालेनासं झालंय. मी वाद घातला नाही. ९८ सांगितलं.

११ मे (बायकोचं मन राखायला)
छातीत बारीक दुखतंय. गॅस. दोन जिने चढून गच्चीला हात लावून आलो की सगळ्यांची तोंडं बंद होतील. बायको औषधं आणायला गेली आहे. मास्क लावून निघतो. उरलेलं आल्यावर लिहीन.

२४ मे, हॉस्पिटल
पहिल्याच जिन्यावर पडलो. बायको औषधं घेऊन परत आली, तेव्हा मी पायरीवर आडवा होतो. हृदयाला सूज आहे. तीन महिने कसलीही दगदग नाही.

आज डॉक्टरांनी बायकोच्या अक्षरातला तो कागद काढला. ९८, ९८, ९८. हे आकडे पाहूनच घरी ठेवायला सांगितलं होतं, असं शांतपणे म्हणाले. बायको खाली मान घालून म्हणाली, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल हो, मी दाराबाहेर होते ना. मग सांगून टाकलं, चूक तिची नाही, आकडे मी मनाचे सांगत होतो. तिने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिने चारचौघांत माझी खरडपट्टी काढावी, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. फार लाज वाटली.

संध्याकाळी बाथरूमपर्यंत एकट्याने जायचं ठरवलं होतं. पलंगाची कड सोडली आणि लगेच पुन्हा धरली. भीती वाटली. तिला हाक मारली. ती दारातच उभी होती.