पेटीतले अकरा हजार फोटो

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार. (पाठीमुळे तो कागदावरच घालतोय, चालवून घ्या.) तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर वाचता येतं का, आणि आमच्या साडूसाहेबांनी दाढ काढली की तिच्यावर अजून चर्चाच चालू आहे, ते कळवा. मी ठीक आहे. तुमची बहीण गेल्याला आठ महिने झाले, तरी मी दोन्ही वेळा जेवतो आणि निदान एकदा भांडी घासतो, तेव्हा माझी काळजी नको.

पत्रास कारण आमची लेक. तिच्या आईच्या फोनमधले, टॅबमधले आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरमधले फोटो एका जागी यावेत म्हणून तिने एक काळी पेटी पाठवली. चपलांच्या खोक्याएवढी. आत दोन डिस्क, एक बिघडली तरी दुसरीवर तेच सगळं असतं. राउटरला जोडली की घरातल्या कुठल्याही यंत्रावरून आतलं दिसतं. आता मी पस्तीस वर्षं चष्म्याच्या काचा घासल्या, केसाएवढा फरक बोटाला कळायचा, पण वायर कुठल्या भोकात घालायची हे कळायला अख्खी दुपार गेली. वर धूळ नको म्हणून मी पेटी टॉवेलात गुंडाळली. ती तापली आणि अशी टूं टूं करायला लागली, की खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई धावत वर आल्या आणि ‘कोणाला मशीन लावलंय?’ म्हणून विचारू लागल्या. (त्यांना बसवून पाणी दिलं. तुमच्या बहिणीच्या शेवटच्या दिवसांत त्या रोज येत, हे तुम्हाला माहीत आहेच.) मग पेटीने विचारलं, इथला मुख्य वापरकर्ता कोण? मी सवयीने तुमच्या बहिणीचं नाव टाकलं. आता पेटी रोज सकाळी तिचं स्वागत करते. मी मध्ये बोलत नाही.

चार दिवस फोटो चढवले. पाचव्या दिवशी कॉम्प्युटरवर ‘फोटो’ नावाचा फोल्डर दिसला आणि टॅबवरही तोच दिसला. मला वाटलं, दोनदा चढवले, उगीच जागा अडते. मी टॅबवरचा काढून टाकला. कॉम्प्युटरकडे वळलो तर तिथलाही गेलेला. फोन, टॅब आणि कॉम्प्युटरमधले मूळ फोटो तर मी आदल्या दिवशीच साफ केले होते. (नीटनेटकेपणा अंगाशी आला.) लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “बाबा, पेटी एकच आहे. तुम्ही एकाच खोलीत दोन दारांनी गेलात.”

“मग दुसरी डिस्क?”

“तुम्ही पुसलंत की ती पण पुसते. कशाला हात लावू नका.”

तिने आधीच आत एक कचऱ्याची टोपली ठेवली होती. तिला बापाची पारख आहे. सगळं त्या टोपलीत सापडलं आणि तासाभरात जागेवर आलं.

पण माझा विश्वास उडाला. सगळे फोटो परत आले का, हे मी एकेक करून तपासलं. अकरा हजार दोनशे फोटो, नऊ दिवस. माझेच हजारभर असतील. झोपलेला, घास तोंडात असलेला, रिक्षावाल्याशी वाद घालणारा. तुमची बहीण फक्त सतरा फोटोंत आहे, ताई. त्यातल्या अकरांत हात आडवा धरून ‘माझा नको’ म्हणतेय. बाकी सगळे तिनेच काढलेले. कोपऱ्यात कुठेकुठे तिचं बोट आलंय. मी चाळीस वर्षं समोर उभा राहून नुसता हसलो, कॅमेरा हातात घ्यावा असं एकदाही सुचलं नाही.

असो. लेक म्हणते, या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या घरी असावी. तेव्हा एक छोटी डिस्क पाठवतो आहे, ती तुमच्याकडे कोरड्या जागी ठेवावी, एवढीच विनंती. साडूसाहेबांना नमस्कार सांगा.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. : विनंती एवढीच नाही. तुमच्याकडे तिचे जे फोटो असतील ते हवे आहेत. डोळे मिटलेले, हललेले, अर्धेमुर्धे, कसलेही. पोस्टाने नकोत. लहानपणच्या फोटोंत तुम्ही चौघी बहिणी सारख्याच दिसता, त्यातली ती कोणती हे कुणीतरी शेजारी बसून सांगायला हवं.

आणखी एक. ती गेली त्या आठवड्यात तुम्ही तिचा राखाडी स्वेटर मागितलात, आणि मी म्हणालो, ‘जिवंतपणी फिरकला नाहीत, आता कपडे न्यायला आलात.’ तुम्ही चहा अर्धा टाकून निघून गेलात. तुम्ही रोज संध्याकाळी तिला फोन करायचात आणि तिचं हसणं मला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. तरी मी बोललो. स्वेटर काढून ठेवला आहे. मी तो धुतलेला नाही. तुम्हीही इतक्यात धुवू नका.