गेरू किती वेळा उठला

२ नोव्हेंबर, रविवार

माझ्या हातचं, आजपर्यंत –
तंबू: ताडपत्री नि जुनी मच्छरदाणी, वजन तीन किलो चारशे. गेरूचा पट्टा: मारुतीच्या सीटबेल्टचा, छातीवरून जाणारा, गळा आवळत नाही. चूल: रंगाच्या डब्याची. पाण्याला करवंटी, आतून घासून गुळगुळीत. आणि फुग्यांच्या कारखान्यातली साचे बुडवायची दोन मशिनं.

ती ऑगस्टमध्ये वापीला गेली. कारखानाच गेला. मशिनं नेली, मला नाही. तिकडे सर्टिफिकेटवाला फिटर आहे म्हणे. सव्वीस वर्षं!

मागे राहिलेल्यांत कारखान्यातला कुत्रा, गेरू. सहा वर्षं माझ्या बाकाखाली झोपला. घरी आणला, तर झोपेचं नाव नाही. रोज मोजतो. काल अकरा वेळा उठला.

कुत्र्याला मोकळी जागा हवी. ती शोधायची. अटी: सावली, जवळ पाणी, दुसऱ्या कुत्र्यांची टोळी नको, जमीन ज्याची त्याची परवानगी.

मयुरा – "त्याच्या उठण्याची वही झाली. तुमचं बीपी कधी लिहिलंत?"

बायकोला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत.

५ नोव्हेंबर

नरपडचं सुरूचं बन. वारा उत्तम, सावली उत्तम. पण मासे वाळवतात त्या बाजूची सात कुत्री आली. सात – मोजली. तंबू अर्धा लावलेला तसाच गुंडाळला. बाद.

८ नोव्हेंबर

अस्वालीच्या धरणाजवळ. चढ चांगला, एक तास वीस मिनिटं. गेरू पुढे, मी मागे. पाणी आहे. पण गुराखी म्हणाला, "बिबट्या हाय. कुत्रा पयला नेतो." पाच वाजता खाली उतरलो. रात्री घरी गेरू तेरा वेळा!

९ नोव्हेंबर

चारोटीच्या अलीकडे एका माळावर. हायवेचे हॉर्न. नऊ. लिहिण्यासारखं काही नाही.

१३ नोव्हेंबर

गंजाडच्या पुढे, एका पाड्यावर. चैत्यादादा म्हणून म्हातारा आहे, भात कापून झालंय, खळं सारवलेलं. विचारलं, राहू का? म्हणाला, "रहा. भारे उचल पण." शेतातून खळ्यावर भाताचे एकेचाळीस भारे नेले मी. पाठ मोडली. गेरू उंदरांमागे.

रात्री गेरू फक्त तीन वेळा उठला. तीन!!

पण सकाळी सगळं बिघडलं. चहा ठेवला होता. चैत्यादादाने पत्र्याच्या डबीतून एक रुपया नि वर जुनं चार आण्याचं नाणं काढून माझ्यासमोर धरलं.

"कुत्रा दे. रानडुकरं येतात. इथं बरा राहील."

सव्वा रुपया! सहा वर्षं पोसलेल्या जनावराचा! म्हटलं, माझा गेरू विकायला आणलेला नाही, कधीच नाही. चहा न पिता निघालो. पुढचे तीन किलोमीटर मोठ्याने बोलत होतो. गेरू दोनदा थांबून मागे बघत होता.

१४ नोव्हेंबर

घरी. दहा.

१६ नोव्हेंबर

घरी. बारा. मयुरा म्हणते, मी चालून चालून फरशी झिजवली.

मला ते चार आण्याचं नाणं आठवतंय. बाजारात ते चालत नाही. मग त्याने जपून का ठेवलं?

१९ नोव्हेंबर

गेलो. तीन ही नोंद सोडवत नाही म्हणून गेलो, दुसरं काही नाही.

चैत्यादादा शेतात होता. नवशीवहिनी, त्याची बायको, खळ्यावर. मी नाण्याचं काढलं. ती हसायलाच लागली. "मिस्तरी, किंमत नाय ती! आमच्या घरात कुत्रा फुकट आणत नाय, विकत पण नाय. सव्वा द्यायचा, म्हणजे तो घरातला. मग आधी त्याला जेवण, मंग आपल्याला. ती चार आणी सासूची हाय. रुपया देणाऱ्याचा, चार आणी परत डबीत. तिच्यावर पाच कुत्रे आले."

उशिरा का होईना, चहा प्यालो.

मग मी वही दाखवली – अकरा, तेरा, तीन. तिला वाचता येत नाही, वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या राती कुत्रा तं निजलेला. तू उठलास, तवा तो उठला. तीनदा. मी पाहत होते ना."

खोटं! वही आहे माझ्याकडे!

२० नोव्हेंबर

चाचणी, घरी. रात्री दहा ते सहा खाटेवरून हललो नाही.
गेरू: शून्य.
मी: एक मिनिट डोळा लागला नाही.

२१ नोव्हेंबर

वहीत साडेतीन महिन्यांचे आकडे. सगळे बरोबर. नाव तेवढं चुकीचं.

मयुराला सांगितलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता – "मला ऑगस्टपासून माहिती आहे. तुम्हाला सांगून पटलं असतं?"

२५ नोव्हेंबर

चैत्यादादाचा भात उफणायचा, दांड्याने फिरवायचा पंखा दोन वर्षं अडकून पडलाय. बेअरिंग गेलेलं, पाती वाकडी. आज खळ्यावर बसून उघडला. मयुराला सांगून आलोय, मुक्काम. सायकलचा हब बसवला. संध्याकाळी नवशीवहिनीने दांडा फिरवला – फोलपट सरळ माझ्या तोंडावर! चैत्यादादा, "चालला रे, मिस्तरी आंधळा झाला पण पंखा चालला!" गेरू पंख्याखाली जाऊन पसरला. बाकाखाली पसरायचा, तसा.

२६ नोव्हेंबर

दहा ते सहा झोपलो. मध्ये काही नाही.

सकाळी चैत्यादादाने डबी उघडली. या वेळी दोन रुपये, वर आठ आण्याचं जुनं नाणं. "तुमा दोघांचं." नवशीवहिनी तोंडाला पदर लावून उभी.

म्हटलं, आज नको.

अडीच रुपये.